स्वयंभू कोण?

दर वर्षी २२ डिसेंबर जवळ आला की व्हॉट्सअॅपवर तोच फोटो फिरायला लागतो. कोट घातलेला, मोठ्या डोळ्यांचा, जरा बावरलेला तरुण, आणि खाली एक ओळ : 'कोणाकडूनही न शिकता महान झालेला गणितज्ञ'. आमच्या घरच्या ग्रुपवर तर तो एका दिवसात सहा वेळा येऊन पडतो. (मामा, त्यातले दोन तुमचे असतात. :) )

रामानुजनचं कौतुक व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. त्याच्या जन्माला १२५ वर्षं झाली म्हणून २०१२ हे राष्ट्रीय गणित वर्ष म्हणून पाळलं गेलं आणि तेव्हापासून त्याचा वाढदिवस हा राष्ट्रीय गणित दिवस झाला. एका गणित्यासाठी देशाने एक दिवस राखून ठेवावा ही मोठीच गोष्ट आहे. नाहीतर आपल्याकडे दिवस राखले जातात ते कुणासाठी, हे काय सांगायला हवं? पण फोटोखालच्या त्या ओळीचं मला काहीतरी खटकतं. बरेच दिवस मनात आहे, आज लिहून टाकतो.

आमच्या जालना जिल्ह्यातल्या शाळांमधूनही हा दिवस साजरा होतो. फोटोला हार, उदबत्ती, एखाद्या मुलीचं पाठ केलेलं भाषण, मग पाहुण्यांचे 'दोन शब्द', जे कधीच दोन नसतात. भाषणाचा साचा ठरलेला. गरिबाघरचा मुलगा, कागद परवडत नाही म्हणून पाटीवर गणितं करायचा, स्वप्नात नामगिरी देवी येऊन सूत्रं सांगायची, मग केंब्रिजच्या हार्डीसाहेबाला पत्र, मग टॅक्सीचा नंबर १७२९. आणि शेवटचं वाक्य हमखास : 'असा रामानुजन पुन्हा होणे नाही!' टाळ्या. गोळ्या-बिस्किटं. शाळा सुटली.

आता सातवीतल्या पोराने या शेवटच्या वाक्याचं करायचं काय? असा पुन्हा होणार नाही म्हटल्यावर माझा तर प्रश्नच मिटला, असंच त्याला वाटणार ना? आधीच गणिताचा पेपर म्हटलं की पोटात गोळा. त्यात आपण सांगतो की गणित येतं ते देवीने कानात सांगितलेल्याला. म्हणजे ज्याच्या स्वप्नात कुणी येत नाही त्याने पास होण्यापुरते मार्क मिळवावेत आणि गप्प बसावं. गणिताचा दिवस साजरा करता करता मुलांना गणितापासून लांब ढकलायची ही युक्ती आपल्याला कशी सुचली कोण जाणे.

बरं, गोष्ट मुलांना प्रेरणा देणारी नसली तरी खरी आहे म्हणावं, तर तशी ती पूर्ण खरीही नाही.

रामानुजन कुंभकोणमला वाढला. वडील साडीच्या दुकानात कारकून. पैशाची ओढ म्हणून घरात कॉलेजचे विद्यार्थी राहायला ठेवलेले. त्या विद्यार्थ्यांकडून त्याला लोनीचं त्रिकोणमितीचं पुस्तक मिळालं. पुढे १९०३ च्या सुमाराला कार नावाच्या इंग्रज शिकवणीवाल्याचं एक जाडजूड पुस्तक हाती आलं. त्यात पाच हजारांच्या आसपास सूत्रं, आणि सिद्धता जवळजवळ नाहीतच. बाकी कुणी ते पुस्तक मिटून ठेवलं असतं. याने एकेक सूत्र स्वतः सोडवून पाहायला घेतलं. ही त्याची प्रतिभा, यात शंकाच नाही. पण पुस्तक हाती आलं होतं, हेही तितकंच खरं.

मग कॉलेजात गेला आणि नापास झाला. गणित सोडून दुसऱ्या कशात लक्षच लागेना. स्कॉलरशिप गेली. दुसऱ्या कॉलेजात गेला, तिथेही तेच. पदवी नाही, नोकरी नाही, लग्न मात्र झालेलं. गोष्ट इथेच संपायची, आणि आपल्याकडे हजारोंची इथेच संपते. त्याची संपली नाही, कारण तो वही घेऊन व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या डेप्युटी कलेक्टरकडे गेला. गेला होता महसूल खात्यात कारकुनी मागायला. रामस्वामींनी वही चाळली आणि या मुलाला कारकुनीत बसवलं तर आपण त्याचं नुकसान करू, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी त्याला मद्रासच्या गणितातल्या मंडळींकडे ओळखीची पत्रं देऊन पाठवलं.

हेच ते रामस्वामी, ज्यांनी १९०७ साली गणितप्रेमींची संस्था काढली, आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. आणि मंडळी, तिचं मुख्य ठिकाण तेव्हा कुठे होतं? पुण्यात. ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात. रामानुजनचा पहिला लेख १९११ साली छापला तो याच संस्थेच्या नियतकालिकाने.

पुढची यादीही मोठी आहे. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांना आधी संशयच आला होता की हा मुलगा आपल्याला बनवतो आहे. खात्री पटल्यावर त्यांनी काही काळ त्याचा महिन्याचा खर्च उचलला. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी मिळाली. तिथले वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणितातले, ते घरी त्याच्याबरोबर पाटी घेऊन बसत. साहेब होते सर फ्रान्सिस स्प्रिंग, त्यांनीही शब्द टाकला. हार्डीला लिहिलेल्या पत्राची तारीख १६ जानेवारी १९१३. तोपर्यंत या एका मुलाच्या मागे किती माणसं उभी राहिली होती, मोजा. भाषणात यातलं एकही नाव येत नाही. पत्नी जानकीचंही नाही. नवरा १९२० साली बत्तिसाव्या वर्षी गेला, आणि पुढे त्या बाईने मद्रासमध्ये शिवणकाम करून दिवस काढले. त्या थेट १९९४ पर्यंत होत्या. नवऱ्याचा पुतळा कुठे आहे, असं त्या विचारत. शेवटी रिचर्ड आस्की या अमेरिकन गणितज्ञाने पुढाकार घेतला, जगभरच्या गणित्यांनी वर्गणी काढली, आणि १९८० च्या दशकात त्यांच्या घरी ब्राँझचा अर्धपुतळा पोचला. वर्गणी काढावी लागली, हे लक्षात ठेवा.

आता आपल्या मराठी माणसाकडे येऊ.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आई लहानपणीच गेली, वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. शाळा ठाण्यात, कॉलेज फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्यानंतर गणितात पुढचं शिक्षण काही नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. बाकी सगळा वेळ आकड्यांशी खेळण्यात. एखाद्या दारुड्याला पीतच राहावंसं वाटतं तसं मला संख्यांचं होतं, अशा अर्थाचं ते स्वतःच सांगायचे.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध तुम्ही आत्ता, हे वाचता वाचता, पडताळून पाहू शकता. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत एवढीच अट. मी आपला जालना जिल्हा ज्या वर्षी झाला ते साल घेतो, १९८१. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, चढत्या क्रमाने लावायचे, आणि वजाबाकी करायची.

९८११ − ११८९ = ८६२२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि आता ६१७४ चं करून पाहा : ७६४१ − १४६७ = ६१७४. झालं, गाडी इथेच थांबते. रामानुजनचं जन्मसाल १८८७ घेतलं तर तीनच पायऱ्यांत ६१७४ ला पोचता. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्या. सगळ्या वाटा देवळालीला जातात!

कापरेकरांना हे १९४६ साली सापडलं, १९४९ ला त्यांनी ते मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. त्यांच्या नावाच्या संख्याही आहेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. शिवाय ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी फार गोड नाव दिलं, हर्षद. आनंद देणारी. आणि गंमत बघा, रामानुजनच्या टॅक्सीची ती १७२९. दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी सगळ्यात लहान संख्या (१२ चा घन अधिक १ चा घन, किंवा १० चा घन अधिक ९ चा घन) हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिच्या अंकांची बेरीज करा : १९. आणि १९ × ९१ = १७२९. म्हणजे रामानुजनची संख्या कापरेकरांची हर्षदही आहे! हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून सांगितलं होतं. कुणी फारसं हललं नाही, पण असो.

आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांनी कापरेकरांना हसण्यावारी नेलं. हे कसलं गणित, ही तर करमणूक! पत्नी १९६६ साली गेल्या, पुढे पेन्शन पुरेना म्हणून म्हातारपणी शिकवण्या कराव्या लागल्या. मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली गेले. रामानुजनला रामस्वामी पंचविशीच्या आत भेटले, कापरेकरांना गार्डनर सत्तरीत. दोन आयुष्यांमधला एक मोठा फरक मला इथे दिसतो.

गैरसमज नको. कापरेकर रामानुजनच्या तोडीचे होते असं मी म्हणत नाही. रामानुजनच्या वह्यांमधून अजून गणितज्ञ काहीबाही काढतायत, तो समुद्र आहे. कापरेकरांचं म्हणजे घरामागचा आड. पण आमच्या भागात विचारा, आडाला किती किंमत असते ते! सातवीतलं पोरगं समुद्रात उतरू शकत नाही. आडातलं पाणी ते शेंदू शकतं. वजाबाकी येत असली की कापरेकरांच्या घरात शिरता येतं, मान वाकवावी लागत नाही.

कापरेकरांनीच शोधलेला आणखी एक प्रकार आहे. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे १५ ही २१ ची आई म्हणा. पण काही संख्यांना अशी आईच नसते. २० घ्या. १४ पासून १९ येते, १५ पासून एकदम २१, मधली वीस कुणापासूनच होत नाही. अशांना आपल्या भाषेत स्वयंभू म्हणता येईल. त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे.

तर माझं म्हणणं एवढंच, की स्वयंभू संख्या असतात, स्वयंभू माणसं नसतात. ज्याला आपण 'कोणाकडूनही न शिकलेला' म्हणतो त्याच्या मागे एक पुस्तक असतं, ते देणारं कुणीतरी असतं, वही चाळून बघणारा एखादा साहेब असतो. त्यांची नावं पुसली की गोष्ट चमत्काराची होते आणि आपली जबाबदारी संपते. चमत्कारासाठी कुणाला काय करावं लागतं? फक्त नमस्कार.

काही जण म्हणतील, पूर्वी बरं होतं, पाढे पाठ होते, पोरं हुशार होती. आमचे आजोबा जालन्याच्या मोंढ्यात मुनीम होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, सगळं तोंडपाठ. मण-शेराचा हिशोब क्विंटलमध्ये, आण्यांचा नव्या पैशांत, कागद न घेता. आजी शाळेत गेली नव्हती. दुधाच्या हिशोबाच्या कोळशाने ओढलेल्या रेघा मात्र तिच्या भिंतीवर असायच्या आणि गवळ्याला तिच्याशी वाद घालायची टाप नव्हती. याचा मला अभिमान आहे. पण ते पाढे सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हते, आणि ज्याला येत नसत त्याच्या वाट्याला छडी येई, हेही विसरू नये. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचायची सोय दिली तेव्हा किती चेष्टा झाली आठवतंय? गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं त्यांनी काढून टाकली नव्हती, लहान मुलांचा गोंधळ कमी व्हावा एवढाच हेतू होता. बदल पटणं न पटणं वेगळं, पण उभ्या महाराष्ट्रात विनोद झाले आणि मूल कुठे अडखळतं हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. प्रश्न आहे तिथेच आहे.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. २२ डिसेंबर ही तारीख आमच्याकडे कशात येते? ऊसतोडीच्या ऐन हंगामात. दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडकडच्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरची माणसं कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्यातच परततात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. मुलांना मागे ठेवायला आजी-आजोबा असले तर ठीक, हंगामी वसतिगृह असलं आणि नीट चाललं तर ठीक, नाहीतर पोरंही फडावर. म्हणजे शाळेत रामानुजनच्या फोटोला हार पडतो तेव्हा काही बाक रिकामे असतात.

मागे एकदा अशाच फडावरून परतलेल्या एका मुलीशी बोलणं झालं. वय बारा-तेरा. शाळेच्या दृष्टीने ती गणितात कच्ची, कारण निम्मं वर्ष ती वर्गातच नव्हती. पण किती टन भरले, टनाला भाव काय, उचल किती होती, त्यातली किती फिटली आणि किती अंगावर राहिली, हे तिने मला उभ्या उभ्या सांगितलं. मुकादमाच्या वहीतला आकडा आणि तिचा आकडा जुळत नव्हता. तिचा आकडा बरोबर होता. तिला गणित येतं की नाही, सांगा बरं? तिला वाटतं, येत नाही. कारण प्रगतिपुस्तकात तसं लिहिलंय.

तिच्यात रामानुजन आहे असलं काही मी म्हणणार नाही. असेल, नसेल. प्रश्न तो नाहीच. तिला हिशोब येणं हे तिच्या घरासाठी भाकरीइतकं गरजेचं आहे, आणि त्यातून तिला थोडा आनंदही मिळाला, हर्षद वाटलं, तर तो तिचा हक्क आहे. आणि तिची वही कुणीतरी चाळायला हवी. तेवढंच.

म्हणून माझ्या डोक्यात काही साध्या गोष्टी आहेत. गणित दिनाच्या भाषणात देवीच्या स्वप्नाला एक मिनिट द्या आणि रामस्वामी, रामचंद्र राव, नारायण अय्यर यांना पाच. फोटोशेजारी कापरेकरांचाही फोटो लावा, आणि हार घालून झाला की फळ्यावर ६१७४ चा खेळ मांडा, पोरांनाच करू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिसेंबरचा कार्यक्रम खुशाल करा, पण आमच्या भागातल्या शाळांनी एक गणिताचा दिवस जूनमध्ये ठेवावा, शाळा उघडल्यावर, सगळी मुलं गावात असताना. त्याला सरकारी परिपत्रक लागत नाही, एक तास आणि एक खडू लागतो.

आणि नातेवाईक मंडळी, तुम्ही जे पुण्यात, हैदराबादेत, सातासमुद्रापार आहात, तुमच्याकडेही एक मागणं आहे. फोटो फॉरवर्ड करण्याऐवजी आपल्या गावच्या शाळेला गणिताच्या गमतीजमतींचं एखादं मराठी पुस्तक पाठवा. कुंभकोणमच्या त्या भाडेकरू विद्यार्थ्यांनी एका मुलाला पुस्तक दिलं तेव्हा त्यांना तरी कुठे ठाऊक होतं ते कुणाच्या हाती पडतंय?

असो. फारच लांबलं. आता आपल्या मोबाईल नंबरचे शेवटचे चार अंक घ्या आणि वजाबाकीला बसा. किती पायऱ्या लागल्या ते कळवा. सातच्या वर गेलात तर वजाबाकी चुकली आहे, कापरेकर नाहीत. :)